शेवटच्या कडव्यातलं नाव

पारंपरिक म्हणजे काय, हे मले कोणीतरी समजावून सांगा. मी सातवी शिकली आहे, मले वाचता येते. रेडिओवाल्यायच्या कागदावर ठसठशीत छापलं होतं : 'मिशीले चुना लागला. गायिका : धुरपताबाई. गीत : पारंपरिक.' म्हणजे हे गाणं कोणीच केलं नाई म्हणे! वावरात तरोटा उगवते तसं आपोआप उगवलं. अन् ज्या माणसानं ते केलं, त्याच्यासंग मी तेहतीस वर्षं संसार केला, तो कोण होता मंग? भूत?

थांबा, पयले कोण काय ते सांगतो, नाई तर तुम्ही म्हणान बुढी नुसती कल्ला करून राह्यली. मी धुरपता ताकसांडे. पिपरी मेघेले पोराच्या घरी राहातो, पोरगा रत्नदीप पंचायत समितीत कारकून आहे. वय सदुसष्ट. दात माहेच आहेत अन् आवाज बी माहाच आहे. आमचे घरवाले गवंडी होते, मूळचे केळझरचे. पिपरीतली अर्धी जुनी घरं त्याईच्या हातची आहेत. भिंतीले बांधलेल्या बांबूच्या पाळकावर चढून वीट लावता लावता गाणे करत. लिहून ठेवणं त्याईले माहीत नव्हतं, सगळं डोस्क्यात. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायच्या आधी मले म्हणून दाखवत, अन् मी ते गळ्यात बसवत होती.

अन् ही रुख्मिणी म्युझिक कंपनी. वर्ध्यात ताराचंद शेटजीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एक दिवस त्याईनं टेपा जोडून कॅसेटी भराले सुरुवात केली अन् बायकोच्या नावानं कंपनी काढली. केळझरच्या जत्रेत, सेलूच्या बाजारात त्या कॅसेटी पेटीत भरून विकाले नेत. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली तर मोबाईलच्या कार्डात गाणे भरून देण्याचा धंदा आला, मंग यूट्यूब. शेटजी वारले, पोरगा गजेंद्र गादीवर बसला, अन् त्यानं तर कमालच केली. दिल्लीहून लायसन आणून रेडिओ स्टेशन काढलं. रेडिओ रुख्मिणी! दुकान होतं तिथं चार माळ्याची इमारत, वर टावर, खाली काचेचं दार. जो माणूस रेडिओ दुरुस्त करत होता त्याच्या पोराचा आवाज आता लोकायच्या रेडिओतून येणार, याचं मले लय कौतुक वाटलं. खोटं कायले बोलू? माही नात काजल तिथं निवेदक म्हणून लागली, तवा तर मी गल्लीत पेढे वाटले.

तिनंच तो कागद घरी आणला. "आजी, उद्घाटनाचं पयलं गाणं तुहं आहे. रोज सकाळी स्टेशन सुरू होईन ते बी तुह्याच गाण्यानं!" पोट्टी नाचून राह्यली होती. मी चष्मा लावून वाचलं अन् माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता तुम्ही विचारान, एवढं काय त्यात? तर ऐका. आमच्याकडच्या गाण्यायची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात गाणं करणारा आपलं नाव घालते. कागद नाई, पुस्तक नाई, तीच त्याची सही. गाणं गावोगाव गेलं तरी शेवटचं कडवं आलं की लोकायले समजते, हे अमक्याचं. आमच्या घरवाल्यायनं बी घातलं होतं. पण गंमत पाहा, गाणं केलं ते बायकोच्या तोंडचं. नवरा लोकायची घरं पोतून येते, अन् बायको त्याची मजा उडवते :

घरं लोकायची पोतता पोतता
मिशीले चुना लागला गं बाई, मिशीले चुना लागला

असे सहा कडवे. अन् सातव्यात, पदरानं मिशी पुसता पुसता, नवऱ्याचं नाव. मुद्दाम! मले म्हणत, "पाहू आता कशी नाव घेत नाई ते. गाणं म्हणाचं असन तर घ्याच लागन." असा खट्याळ माणूस.

कारण मी नाव घेत नव्हती. आमच्या वेळी बायका घेत नव्हत्या. देव सोडले, उपास सोडले, बाबासाहेबांनी सांगतलं ते आमच्या घरानं सगळं केलं, पण हे एक कसं राह्यलं कोणास ठाऊक. उखाण्यात घ्या, लग्नात, बारशात, चार बाया हासून राह्यल्या असताना घ्या. पण नुसतं नाव, साधं, पाणी मागावं तसं? कधीच नाई. 'अवो' म्हणाचं, नाई तर 'रत्नाचे बाबा'. तुमच्याही ध्यानात आलं असन, एवढी बडबड केली पण अजून मी ते तुम्हाले सांगतलं नाई.

गाणं भरलं ते साल सत्त्याऐंशी. दुकानाच्या माडीवर एक खोली, भिंतीले गाद्या टांगलेल्या, पंखा बंद, मे महिना. कपडे वाळवाच्या दोरीले माईक लटकवला होता. पेटीवर मोतीलाल. अन् ढोलकीवर कोण? माहे सासरे, नत्थूबुवा! साऱ्या तालुक्यात त्याईच्या तोडीचा ढोलकीवाला नव्हता. घरवाले समोर भिंतीले टेकून बसले होते, मिशीतल्या मिशीत हासत. दारात रुख्मिणीबाई, शेटजीची बायको. आम्हाले चहाचे ग्लास वेगळे ठेवत होती, मले समजत होतं, पण त्या दिवशी मी त्याच्याबद्दल बोलाले आली नव्हती, गाले आली होती.

सहा कडवे झक्कास झाले. सातवं आलं. 'पदरानं पुसता पुसता पाहा गं...' अन् माही जीभ टाळूले चिकटली. सासऱ्याच्या तोंडावर नवऱ्याचं नाव? त्याईच्याच ढोलकीवर? मी गप्प. सासऱ्याईले काय ते उमजलं, त्याईनं त्या चार मात्रांत असा काही तोडा वाजवला की बस्स. मंग मी उचललं, '...हासाले लागला.' टेप थांबली. मी म्हणलं, पुन्हा घ्या. शेटजी म्हणे, "राहू दे वं, फर्स्टक्लास झालं, टेप कायले वाया घालवतं?" घरवाले बी म्हणाले, "राहू दे. लोकायले माहीत आहे कोणाचं आहे ते."

हो, होतं माहीत. तवा होतं. सेलूच्या बाजारात गाणं वाजलं की लोक त्याईले हाक मारून चहा पाजत. पण त्याईले जाऊन सतरा वर्षं झाली. सासरे गेले, मोतीलाल गेला, शेटजी गेले. आता डीजेवर हेच गाणं वाजते तवा त्या चार मात्रांवर पोट्टे शिट्ट्या मारून नाचतात. त्याईले वाटते तो ढोलकीचाच तुकडा आहे. तिथं एक माणूस होता, हे त्याईले कोण सांगन?

तर मी गेली गजेंद्रकडे. एसी लावलेली खोली, भिंतीवर शेटजीचा फोटो.

"या मावशी, बसा बसा. अरे, चाय आणा." पोरगा वाईट नाई हो. लहानपणी माह्या मांडीवर बसून माईक ओढाचा.

मी कागद टेबलावर ठेवला. "हे काय आहे?"

"पारंपरिक. म्हणजे जुनं, लोकगीत."

"जुनं मी बी आहो. म्हणून माहे मायबाप नव्हते का?"

तो हासला. मंग समजावून सांगू लागला, मोठी माणसं लहान पोरायले सांगतात तसं. पुण्याहून कोणी सल्लागार आणलाय म्हणे. त्यानं सांगतलं की ज्या गाण्याच्या कवीचा कागद नाई ते सगळे पारंपरिक लिहा. तसं लिहिलं की कोणाले विचाराचं काम नाई, गाणं रेडिओवर लावा, मोबाईलवर लावा, दुसऱ्या स्टेशनले द्या. "अशे चाळीस गाणे आहेत मावशी आपल्याकडे. तुमचं एक लिहिलं तर उद्या चाळीस जण येऊन दारात बसतील."

"बसू दे ना. त्याईचं असन तर बसतीनच."

"बरं, पुरावा काय आहे?"

"मी आहो ना पुरावा."

मंग त्यानं काय केलं सांगू? कॉम्प्युटरवर गाणं लावलं, सातव्या कडव्यावर आणलं अन् बोट वर केलं. 'पुसता पुसता पाहा गं...' धिन् धा तिरकिट. '...हासाले लागला.' "दाखवा मावशी, नाव कुठं आहे? रीत तर मले बी माहीत आहे, शेवटच्या कडव्यात नाव असते. इथं नाई. गाणारे तुम्ही, अन् तुम्हीच घेतलं नाई."

कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. त्या माणसाची सही पुसणारी कंपनी नव्हती, मी होती. आपल्या लाजेपायी मी त्याले कायमचा बिननावाचा केला.

गजेंद्रले बी माही दया आली असन. आवाज खाली करून म्हणे, "एक रस्ता आहे. तुमचं नाव टाकतो. गीत अन् गायन, धुरपताबाई. तुम्ही हयात आहा, एक सही करा, विषय खतम. घरातलंच नाव आहे ना?"

खोटं नाई बोलत, घडीभर मन हललं. रोज सकाळी जिल्हाभर माहं नाव. घरी सांगतलं तर रत्नदीप बी म्हणे, "माय, घेऊन टाक ना. बाबाचं काय अन् तुहं काय, ताकसांडेच आहे." मी त्याले विचारलं, "तू ऑफिसात सही करतं तवा बायकोची करतं का?" त्याची चूक नव्हती, त्याले काजलच्या नोकरीची काळजी होती. पण मेलेल्या माणसाची वस्तू, तो उठून बोलू शकत नाई म्हणून आपल्या नावावर चढवाची, एवढी मी भैताड नाई. गजेंद्रले फोन करून सांगतलं, "माहं नाव नोको. त्याईचं लिहा."

"मावशी, मंग पारंपरिकच राहीन," तो म्हणे. "उद्घाटनाले मात्र या. शाल देऊ, दोन कडवे म्हणा."

राह्यली एकच माणूस, जिनं त्या दिवशी सगळं डोळ्यानं पाह्यलं होतं. रुख्मिणीबाई. इमारतीच्या मांगं घर आहे, तिथं पलंगावर पडून राहाते आता, गुडघे गेले. उशाशी नवा रेडिओ. कॅसेटीच्या डब्बीवरचे कागद सुरुवातीले तिच्याच हातचे असत, अक्षर मोत्यासारखं. मी पायथ्याशी बसली अन् सगळं सांगतलं.

"बाई, तुम्ही एक शब्द सांगा पोराले. तुम्ही दारातच उभ्या होत्या."

ती छताकडे पाहू लागली. मंग म्हणे, "पोराच्या धंद्यात मी नाई बोलत धुरपता. अन् तुले आताच काऊन उबाळा आला? त्या दिवशी तोंडातून नाव काढलं असतं तर आज ही पाळी आली असती का?"

झालं! माही आधीच जखम, त्याच्यावर तिनं बोट ठेवलं. मी उठलीच. "अन् तुमचं काय बाई? बोर्डावर तुमचं नाव, रेडिओवर तुमचं नाव, इमारतीवर तुमचं नाव. तुमच्या मालकानं तुमचं नाव जगाले सांगतलं. तुम्ही त्याईचं एकदा तरी घेतलं का?"

"ते मले जमणार नाई," रुख्मिणीबाई म्हणे. "तुले जमत असन तर घे जा." अन् तिनं कड पालटली.

त्या रात्री मी एकटीच खोलीत बसून प्रयत्न केला. हासू नका. दार लावून, भिंतीकडे तोंड करून. पयलं अक्षर निघे अन् पुढचं निघेच ना. पन्नास वर्षांची सवय, एका दिवसात कशी जाईन? मले त्याईचा शेवटचा आठवडा आठवला. दवाखान्यात होते, नाकात नळी. म्हणे, "धुरपता, आतातरी एकदा म्हण ना वं. कोणी नाई इथं." अन् मी काय म्हणलं? म्हणलं, "घरी चला, मंग पाहू." आले नाई ते घरी. हे मी कोणालेच सांगतलं नव्हतं, रत्नदीपले बी नाई. त्या रात्री मी एवढी रडली की काजल उठून आली, अन् तिले मी सगळं सांगून टाकलं. ती माह्या पाठीवर हात फिरवत बसली. मंग म्हणे, "आजी, तू येजो उद्घाटनाले. मशीनवर मीच आहो."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी अकराले रिबीन कापली, नारळ फुटला, फोटो निघाले. मले शाल दिली. मंग काजलनं मले आत नेलं. काचेची खोली, कापसासारख्या मऊ भिंती, माईक माह्या तोंडाच्या उंचीवर आणून ठेवला. पलीकडच्या काचेमांगं गजेंद्र, त्याच्यासंग तो पुण्याचा सल्लागार, अजून चारपाच पाहुणे. लाल दिवा लागला. काजलचा आवाज बदलला, एकदम गोड झाला. नमस्कार, जयभीम, राम राम, सलाम, सगळं म्हणून झालं. मंग तिनं कागद उचलला.

"आता ऐका आपल्या स्टेशनचं पयलं गाणं, मिशीले चुना लागला. गायिका माही आजी धुरपताबाई ताकसांडे. गीत..." ती थांबली. कागद पालथा करून ठेवला. "गीत कोणाचं, ते गाणारीच सांगन."

काचेमांगं गजेंद्रची मान वर झाली.

मी तोंड उघडलं. काही नाई. शपथेवर सांगतो, आवाजच नाई निघाला. रेडिओवर सन्नाटा गेला असन चारपाच सेकंद, अन् काजल म्हणते रेडिओत तेवढे सेकंद म्हणजे लय झाले. गजेंद्र हातानं खुणा करून राह्यला होता, गाणं लाव, गाणं लाव. मी काजलले म्हणलं, "लाव बाई. मी संग म्हणतो."

जुनी टेप सुरू झाली. माह्या कानात माहाच आवाज, अठ्ठावीस वर्षांच्या बाईचा, अन् त्याच्याखाली सासऱ्याची ढोलकी. मी त्याच्यासंग म्हणू लागली. पयलं कडवं थरथरलं. दुसऱ्यापासून गळा मोकळा झाला. तिसऱ्याले काचेमांगचा एक पाहुणा मान डोलावू लागला. दोन कडवे म्हणा असं ठरलं होतं, गजेंद्रनं काजलले हातानं 'बस' केलं. काजलनं पाह्यलंच नाई त्याच्याकडे. चौथं, पाचवं, सहावं. काजलचे दोन्ही हात मशीनवर, अन् हनुवटी अशी वर, थेट आज्यावर गेली आहे पोट्टी.

सातवं आलं. पदरानं पुसता पुसता पाहा गं...

टेपातली धुरपता गप्प झाली. सासऱ्याईनं तोडा उचलला. अन् माह्या मनात आलं, मामंजी, आज माफी करजा. तुमच्या पोराचं नाव आहे, अन् तुम्हीच ठेवलं होतं.

"बापूराव," मी म्हणलं. सुरात, चार मात्रांत, बरोब्बर बसलं. "बापूराव हासाले लागला!"

गाणं संपलं अन् मी थांबली नाई. माईक माह्यासमोर होता अन् लाल दिवा चालू होता. "ऐकलं का जी? बापूराव. बापूराव नत्थूजी ताकसांडे, गवंडी, केळझरवाले. हे गाणं त्याईनं केलं. माहे मालक होते ते. टेपात नाव नाई, कारण मी लाजली होती. चूक माही आहे, पण गाणं त्याईचं आहे. पारंपरिक नाई. पारंपरिक नाई म्हणजे नाई!" एकदा निघालं तर मले थांबताच येईना. बापूराव, बापूराव, बापूराव. डोळ्यातून पाणी चालू होतं, अन् मी हासत होती, अन् मनात म्हणत होती, घ्या, आता किती ऐकता तेवढं ऐका. पण ऐकाले ते कुठं होते?

दार ढकलून गजेंद्र आत आला. चेहरा लाल, पण धंद्याचा माणूस, आवाजात साखर. दुसऱ्या माईकवर वाकला. "श्रोतेहो, मावशींची माया आपण समजू शकतो. वय झालं आहे, भावना आहेत. पण कंपनीच्या रेकॉर्डप्रमाणं हे गीत पारंपरिकच आहे, याची नोंद घ्यावी."

एका वाक्यात त्यानं मले बयाड, खुळी ठरवलं, साऱ्या जिल्ह्यासमोर! मी खुर्चीवरून उठणारच होती, तेवढ्यात काजलच्या समोरचा फोन लुकलुक करू लागला. रेडिओ रुख्मिणीचा पयला फोन. गजेंद्रनं मान हलवून नाई म्हणलं. काजलनं बटन दाबलं.

"हॅलो, रेडिओ रुख्मिणी. कोण बोलून राह्यलं?"

पयले नुसता श्वास आला. मंग म्हातारा, खरखरीत आवाज. "मी रुख्मिणी."

"कुठून बोलता आजी?"

"मांगच्या घरातून. पलंगावरून." गजेंद्र जागच्या जागी उभा राह्यला. "गजूच्या कंपनीच्या रेकॉर्डमधी काय आहे ते मले माहीत आहे. ते कागद माह्याच हातचे आहेत. गाणं भरलं तवा मी दारात होती. मी डब्बीवर कवीचं नाव लिहीत होती, तर मालक म्हणाले कायले लिहितं, गवंड्याचं नाव पाहून कोण कॅसेट घेईन? अन् मी बी खोडलं. अर्धं लिहिलेलं खोडलं मी."

मी माईकवर बोलली, "बाई, कोणते मालक?" मले माहीत होतं कोणते. पण मले तिच्या तोंडून पाहिजे होतं. निर्दयी म्हणा मले. साऱ्या जिल्ह्यानं माहं ऐकलं होतं, आता तिचं बी ऐकू द्या.

काजलचं बोट बटनावर होतं, तिनं काढलं नाई.

"ताराचंद," रुख्मिणीबाई म्हणे. अन् पुन्हा, मोठ्यानं, जशी त्याईले दुकानातून जेवाले बोलावून राह्यली, "ताराचंद! ताराचंदनं सांगतलं अन् मी खोडलं. गाणं बापूरावचं आहे. गजू, लिहून घे. मी फोन ठेवत नाई, तू लिहून घे."

गजेंद्र खिसे चाचपू लागला. काजलनं आपला पेन त्याच्या पुढं केला. त्यानं तो पालथा कागद सुलटा केला, 'पारंपरिक' खोडलं अन् उभ्या उभ्या लिहिलं, मी अन् फोनवरून रुख्मिणीबाई, दोघीही एकेक अक्षर सांगून राह्यलो होतो. मंग मी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, अन् तवाच खुर्चीवरून उठली.